त्रयोदशीची ओहोटी

माघ शुद्ध त्रयोदशीला, शुक्रवारी, दुपारी अडीच वाजता तू सात नंबर लाँचवर गेलीस. लाँच वाशीच्या अलीकडे खाडीच्या एका फाट्यात चिखलावर बसली होती. पाणी रात्री आठला येणार होतं.

जानकी, तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले. माणसं येतात, सतरंजीवर बसतात, आणि थोड्या वेळानं सगळी एकाच गोष्टीशी येऊन थांबतात. तीस वर्षं बंदराच्या कचेरीत नकाशे आणि भरती-ओहोटीची कोष्टकं सांभाळलेला माणूस, आणि नेमका त्याच दिवशी चुकला. नशीब म्हणायचं, दुसरं काय. तुझा भाऊ महादू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, पान्याचा काय भरवसा? भलेभले फसतान." मी मान हलवली. करावे गावातून तुझ्या माहेरची जेवढी माणसं आली, तेवढ्यांसमोर मी मान हलवली. सुलभासमोरही हलवली. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बाबा, चूक कुणाचीही होते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी चुकलो नव्हतो. ही गोष्ट दोघांना माहीत होती, त्यातली तू गेलीस. आपल्या मुलीला ती सांगायची की तशीच माझ्याबरोबर संपू द्यायची, हे मला ठरवायचं आहे. आजवर असं काही ठरवायचं असलं की मी आधी तुझ्याशी बोलत असे. ती सवय अजून मोडलेली नाही.

सात नंबर घ्यायची हौस माझी. ते तू कधी विसरली नाहीस आणि मला विसरू दिलं नाहीस. मी निवृत्त झालो त्याच वर्षी कचेरीनं ती जुनी लाँच लिलावात काढली. चौतीस फूट, सागवानी, पाण्याखाली तीन फूट. मी घरी येऊन तुला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. क्वार्टर सोडायचंच आहे, नावड्याच्या घरात भाऊ आणि त्यांची मुलंबाळं मावत नाहीत, मग आपण लाँचवर राहू आणि किनारा बघू, असं काहीसं मी बोलत होतो. तू तांदूळ निवडत होतीस. म्हणालीस, "मानसं म्हातारपनी काशीला जातान. तुमी मना दर्यात नेताव."

"तू खाडीवरची. तुला काय त्याचं?"

"म्हनून तर बोलते."

माझा जन्म नावड्याचा, भातशेतीतला. समुद्र मी आधी कागदावर पाहिला. निळ्या शाईतले खोलीचे आकडे, दीपगृहांच्या खुणा, खडकांचे बारीक फुलीसारखे ठिपके. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत प्रत्येक खाडीचं तोंड मला पाठ होतं आणि त्यातलं एकही मी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. तुझं उलट. मिठागराच्या बांधावर तू वाढलीस. शाळा चौथीपर्यंत, पण पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार हे तुला वडिलांनी बोटांवर शिकवलेलं. तिथीला पाऊणानं गुणायचं, की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. कोष्टकाच्या ज्या पुस्तकाची मी तीस वर्षं मुद्रितं तपासली, त्याचं सार तू एका वाक्यात सांगितलंस, तेव्हा आपल्या लग्नाला दोन महिने झाले होते आणि मला थोडा रागच आला होता.

लाँचवर आपण दोघांचाही हिशेब ठेवला. रोज सकाळी चहा घेताना मी कोष्टक बघून वेळ सांगायचो, तू तिथीवरून सांगायचीस. जुळलं तर प्रश्न नाही. फरक पडला, तर ज्याला जास्त भीती वाटते त्याचं ऐकायचं. हा नियम तूच घातलास, बाणकोटच्या तोंडाशी. माझ्या पुस्तकाप्रमाणे खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या पट्टीवर पुरेसं पाणी होतं. तू सुकाणू धरून बसलीस आणि हलायला तयार नव्हतीस.

"अगं, साडेसहा फूट पाणी आहे."

"तुमच्या पुस्तकाला वारा ठाव हाय का? लाट बघा तिकडची. मी नाय नेनार."

आपण थांबलो. तासाभरानं कौलं भरलेलं एक गलबत आत शिरताना आपल्या डोळ्यांदेखत पट्टीवर आपटलं. माणसं वाचली. तू भाकरीचं पीठ मळायला घेतलंस, एवढंच.

अकरा हंगाम. दसऱ्यानंतर निघायचं, अक्षय्य तृतीयेच्या आत करावेला परत यायचं, लाँच ओढून वर घ्यायची, ताडपत्री आणि झावळ्यांनी शाकारायची आणि पावसाळा महादूच्या पडवीत काढायचा. सुकाणू तुझ्याकडे, इंजिन माझ्याकडे. हर्णैच्या बंदरात मासळी घेताना एका बाईनं तुला विचारलं होतं, "काय गो, या वयात नवऱ्याचा हात धरून पळून आलीस काय?" तू म्हणालीस, "मी कसली पलते? ह्यांनी घर पलवलाय. मी त्याच्या मागं." त्या दिवशी तिनं तुला पापलेट जास्त दिलं.

आणि मालवण. वारा उलटा होता म्हणून पाच दिवस अडकलो. मी तुला एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी वाचून दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी तू मध्येच विचारलंस, "ही रानी जेवते कवा?" मी पानं चाळून पाहिली. खरोखर, साडेतीनशे पानांत ती बाई एकदाही जेवलेली नव्हती. तेव्हापासून कुठलंही पुस्तक वाचताना मी नकळत बघतो की यातली माणसं जेवतात की नाही. वाचनाचे संस्कार माझ्यावर बऱ्याच थोरामोठ्यांनी केले, पण हा एक तुझा आहे.

मी हे लिहीत बसलो आहे कारण पुढचं लिहायचं टाळतो आहे.

गेली दोन वर्षं तू घर मागत होतीस. लाँचच्या खोलीची उंची साडेचार फूट. अकरा वर्षं तू वाकून वावरलीस आणि बसून भाकऱ्या थापल्यास. गुडघे गेले. चढताना दम लागायला लागला. तू थांबून कठड्याला धरायचीस आणि विचारलं तर म्हणायचीस, "बगते खाडी." मी ते खरं मानलं, कारण मला ते सोयीचं होतं.

वाशीला नवीन घरांचे अर्ज निघाले तेव्हा सुलभानं तुझ्या-माझ्या नावानं अर्ज भरला. मला नंतर सांगितलंत. सोडतीत नंबर लागला. चौथा मजला, दोन खोल्या. तू मला विचारलंस, ती इमारत नेमकी कुठं आली? मी जुना नकाशा काढला, नवीन आराखडा त्यावर ठेवला. तुझ्या वडिलांच्या मिठागराच्या कोपऱ्यावर. डोंगर फोडून आणलेल्या मुरुमाखाली ते कधीच गेलं होतं. मला वाटलं, हे कळल्यावर तुझं मन फिरेल. तू म्हणालीस, "मंग तर झालाच. बापाच्याच जागेत राहीन."

"चौथ्या मजल्यावर?"

"उभी राहून भाकरी करीन. खिडकीतून खाडी बगीन. आजून काय पायजे?"

"तू खाडीवर जन्मलेली बाई, तुला सिमेंटच्या खोक्यात करमेल?"

"दर्यावर जन्मले म्हनून दर्यावरच मरू काय?"

हे बोलणं आपल्यात किती वेळा झालं असेल! शब्दसुद्धा बदलत नव्हते. मला त्या घराची भीती वाटत होती, हे मी तुला कधीच नीट सांगितलं नाही. लाँचवर मी कुणीतरी होतो. बंदरोबंदरी लोक नकाशा घेऊन माझ्याकडे येत. चौथ्या मजल्यावर मी पेन्शन घेणारा एक म्हातारा झालो असतो, खाली दूध आणायला जाणारा. तुझ्या गुडघ्यांच्या बदल्यात मी माझा हा मान सांभाळत होतो. असं उघडं लिहिलं की किती लहान वाटतं.

किल्ली घ्यायची शेवटची तारीख त्या शुक्रवारी होती. दोघांनी येऊन सह्या करायच्या, पाचच्या आत. न आल्यास घर पुढच्या नावाला. सुलभा शाळेतून अर्धी रजा घेऊन तीनला बांधावर येणार होती. आपण सकाळी करावेहून निघून खाडीनं वर यायचं, पुलाच्या अलीकडे मोठ्या पाण्यात नांगर टाकायचा, आणि छोट्या होडीतून बांधावर उतरायचं, असं ठरलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी आपलं शेवटचं भांडण झालं. मी म्हणालो, सही करणार नाही. तू म्हणालीस, "नका करू. मी सुलीच्या घरी जाऊन रहाते. तुमी रहा तुमच्या सात नंबरला घेऊन." शुक्रवारी सकाळचा चहा तू माझ्यापुढे ठेवलास आणि पुढे जाऊन बसलीस. वेळ मी सांगितली नाही, तू विचारली नाहीस.

त्या दिवशी मी कोष्टक बघितलं होतं. दोनदा. पावणेदहाला भरती, चारला पूर्ण ओहोटी. रेतीच्या होड्यांची ये-जा आहे, आपण जरा आत जाऊ, असं तुझ्या पाठीला सांगून मी साडेनऊला लाँच त्या फाट्यात घालायला लावली. तू वळून बघितलंस. सुकाणू तुझ्या हातात होतं, तू नाही म्हणू शकली असतीस. म्हणाली नाहीस. दोन्ही बाजूंना तिवरं, मध्ये भरतीचं भरपूर पाणी, बांध दोनशे पावलांवर. बाराच्या आत तिथलं पाणी निघून जाणार आणि कमरेइतका चिखल उरणार, हे मला मिनिटांच्या हिशेबात माहीत होतं. सुलभा तीनला येईल, बांधावरून हात करील, मी इकडून हात हलवीन. पाणीच नाही, मी तरी काय करू? पाच वाजून जातील. घर पुढच्या नावाला जाईल. भांडण न करता मी जिंकणार होतो. माझ्यासारख्या शांत म्हणवल्या जाणाऱ्या माणसाच्या लबाड्या अशाच असतात.

साडेअकराला लाँच कलली. तू सुलभानं दिवाळीला दिलेली साडी नेसून तयार होतीस. बाहेर आलीस, चिखलाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे.

"तेरस हाय आज. पावनेधाला भरती व्हती. तुमाला ठाव नव्हता?"

"कोष्टक बघायचं राहिलं."

"तुमचं? कोष्टक बगायचं राहिलं?"

मी इंजिनाच्या झाकणाशी काहीतरी करत राहिलो. मग म्हणालीस, "बरं."

तू आत गेलीस. ती साडी सोडून रोजचं लुगडं नेसलीस. साडीची घडी घातलीस, हातानं दाबून दाबून, आणि ट्रंकेत ठेवलीस. मी दारातून पाहत होतो. तेव्हाच बोललो असतो, तरी पाणी परत आलं नसतं. पण बोललो असतो तर निदान ती घडी घालताना तू एकटी नसतीस.

एकनंतर तुला घाम फुटला. डावा हात धरून बसलीस. मी विचारलं तर म्हणालीस, पित्त असेल. मग आडवी झालीस आणि मला तुझ्या ओठांचा रंग दिसला. मी चिखलात उतरलो. चार पावलांत मांड्यांपर्यंत गेलो, पाचवं पाऊल उचलेना. बांधावर चिटपाखरू नव्हतं. मागून तू हाक मारलीस, "अहो, माघारी या. तुमी पन आडकाल." तुझ्या आवाजात राग नव्हता. मी दोरीला धरून परत आलो. भोंगा वाजवत राहिलो. तिवरांच्या पलीकडे दोन बायका चिंबोऱ्या पकडत होत्या. त्यांतली एक गावाकडे धावली.

मी तुझं डोकं मांडीवर घेतलं, वर्तमानपत्रानं वारा घातला. तू विचारलंस, "पानी कवा येल?"

मला वेळ माहीत होती. "आठला," म्हणालो.

"म्हंजी उशीर हाय," तू म्हणालीस.

त्यानंतर तू बोलली नाहीस. मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण जे सांगायला हवं होतं ते नव्हे, एवढं आठवतं.

तीन वाजता महादू आणि गावची पाच माणसं फळ्या घेऊन चिखलात उतरली. फळी टाकायची, तिच्यावरून पुढे यायचं, मागची उचलून पुढे टाकायची. त्याच वेळी सुलभा बांधावर आली. छत्री आणि कागदांची पिशवी होती तिच्याकडे. आपल्याला उतरवून घ्यायला माणसं निघाली आहेत असं तिला वाटलं. ती हसून हात हलवत होती. मी इकडून हात हलवला नाही.

घर गेलं नाही. सुलभा तुझ्या मृत्यूचा दाखला घेऊन त्या कचेरीत गेली. साहेब चांगला निघाला. त्यानं मुदत वाढवून दिली, तुझ्या नावावर रेघ मारली आणि माझी एकट्याची सही घेतली.

इथवर लिहून मी हे कागद ठेवून दिले होते. आता पुढचं.

सोमवारी सुलभा नव्या घरी आली. तिनं स्टोव्ह मांडून दिला, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. निघताना पुन्हा म्हणाली, "बाबा, ती चूक मनातून काढून टाका. आईलाही हे आवडलं नसतं." तिच्या तोंडून तुझं नाव आलं आणि मला राहवेना. मी म्हणालो, "चूक नव्हती ती. मी मुद्दाम घातली लाँच तिथं." आणि सगळं सांगितलं. जसं वर लिहिलं आहे तसंच.

ती उभ्यानं ऐकत होती. शाळेत मुलांचं ऐकावं तशी, मध्ये न बोलता. शेवटी तिनं एकच विचारलं.

"आईला कळलं होतं?"

"हो."

"ती काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

ती खाली बसली. म्हणाली, "मी तेरा दिवस लोकांना सांगत होते, बाबांना सांभाळा." मग पर्स उचलली. दाराशी थांबली, पण वळली नाही. "हे तुम्ही मला सांगायला नको होतं, बाबा. आणि सांगितलं नसतंत तरी..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. चार मजले उतरताना तिच्या चपलांचा आवाज मला शेवटपर्यंत ऐकू आला.

जानकी, तू असतीस तर मला सांगितलं असतंस की बोललो ते बरोबर की चूक. मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटत नाही. माझ्याकडचं ओझं कमी झालं नाही आणि तिच्याकडे तेवढंच गेलं. तरीही मी तुला खोटं सांगितलं ते एकदाच, आणि पुन्हा तेच खोटं तुझ्या मुलीशी जन्मभर बोलत राहणं मला जमलं नसतं. हे मी माझं समर्थन म्हणून लिहीत नाही. तुझा माझ्यावर जो अकरा वर्षांचा उपकार आहे, वाकून चालण्याचा, बसून भाकरी करण्याचा, नको असलेल्या दर्यावर सुकाणू धरण्याचा, त्याबद्दल मी तुला एकदाही काही बोललो नाही. आज बोलतो आहे. याचा तुला उपयोग नाही, हे मला कळतं.

महादूनं सात नंबर करावेला वर ओढून ठेवली आहे. मी तिकडे गेलेलो नाही.

मी चौथ्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघरात ओटा आहे आणि खिडकीतून खाडी दिसते. जावई रोज दुपारी डबा आणून देतात, दारातूनच. सुलभा येत नाही.